लडाखमध्ये गाडीतच मुक्काम : चांगथांगला झोपायचं कुठे आणि कसं?

तांबडी_माती | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुण्याहून लडाखला निघतोय. मी, नवरा आणि धाकटे दीर. गाडी स्वतःची, पांढऱ्या पाटीची डिझेल एसयूव्ही, पण फोर बाय फोर नाही. दिरांनी मागच्या सीटा काढून प्लायवूडचा ओटा ठोकून घेतलाय. त्यावर दोघं आरामात झोपतात (सोसायटीच्या पार्किंगमध्ये चाचणी झाली, सकाळी वॉचमनकाकांनी चहा विचारला). तिसऱ्यासाठी तंबू.

हॉटेलांचा कंटाळा आलाय. मोरे मैदान, त्सो कार आणि त्सो मोरिरी ही तळी, हानले गाव, हा सगळा चांगथांगचा मोकळा पट्टा. तिथे गाडी लावायची, दोन घास शिजवायचे, आकाश बघत पडायचं, एवढंच डोक्यात आहे.

आखणी अशी : मनालीत एक रात्र, दुसरी सरचूला गाडीत, तिसरी मोरे मैदानात. मग त्सो कार, त्सो मोरिरी, हानले, उमलिंग ला (ला म्हणजे खिंड) करून लेह आणि कारगिल-श्रीनगरमार्गे परत.

विचारायचंय ते असं : रात्री गाडीत थंडी कशी आवरायची, गाडी कुठे लावलेली चालते, नेटवर्क नसताना काही झालं तर काय करायचं, आणि पाणी-इंधन किती धरायचं. "जाऊ नका" सोडून काहीही सांगा. :)

खवट_म्हातारा | सोमवार, रात्री १०:३१

जाऊ नका.

बरं, जा. पण तिसऱ्या रात्री मोरे मैदानात? ते ४,७०० मीटरच्या आसपास आहे, पुणे ५६०. सिंहगड चढताना मध्ये ताकाला थांबणारी माणसं आपण.

माजी_सुभेदार | मंगळवार, पहाटे ५:४०

राम राम मंडळी. ताई, आखणी चांगली आहे, फक्त उलटी आहे. शेवटाकडून सुरू करा.

मनाली साधारण २,०५० मीटर, सरचू ४,२९०. अटल बोगदा २०२० साली सुरू झाला तेव्हापासून रोहतांग चढावा लागत नाही. रस्ता झकास झालाय, म्हणूनच लोक सकाळी मनालीत पराठा खातात आणि संध्याकाळी सरचूला डोकं धरून बसतात. त्यात सरचूची एक खोड आहे, जी नकाशावर बोट फिरवताना ध्यानात येत नाही. मागे बारालाचा ला, पुढे गाटा लूप्स, नकी ला आणि ५,०५९ मीटरचा लाचुंग ला. रात्री कुणाची तब्येत बिघडली आणि खाली न्यायचं ठरलं, तरी कुठल्याही बाजूला आधी चढावंच लागतं. आजारी माणसाला घेऊन.

श्रीनगरकडून गेलात तर झोजी ला साडेतीन हजारांवर ओलांडता खरा, पण रात्री कारगिलला २,६७६ मीटरवर झोपता. मग लेह, ३,५००. तिथे किमान तीन रात्री. पहिला दिवस नुसतं लोळायचं, बाजारसुद्धा नको. मग चांगथांगात शिरा आणि शेवटी मोरे मैदान, सरचू करत मनालीला उतरा. तोवर शरीर सरावलेलं असतं, आणि रस्ताही घराकडचा असतो.

आम्हाला फौजेत ९ ते १२ हजार फुटांवर ६ दिवस, १२ ते १५ हजारांवर ४ दिवस आणि त्याच्या वर जायचं तर आणखी ४ दिवस सरावाला ठेवायचे. ही रोज पाच किलोमीटर पळणाऱ्या पोरांची गोष्ट आहे.

डॉ_उंबरठा | मंगळवार, सकाळी ८:०५

सुभेदारकाकांना +१. मी भूलतज्ज्ञ आहे, नागपूरची. ट्रेकिंगमुळे या विषयात थोडं लक्ष घातलंय.

ढोबळ नियम : ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस आहे तिथेच थांबावं. दिवसा वर जाऊन आलात तर चालतं. रात्री पाठ कुठे टेकता ते मोजायचं. गाडीत झोपणारे नेमके इथेच फसतात. हॉटेलात उतरणारा माणूस गावात झोपतो, आणि गावं बहुतेक खोऱ्यात असतात. गाडीवाला नजारा दिसेल तिथे थांबतो, आणि नजारा खिंडीजवळ.

डायमॉक्सबद्दल (उंचीच्या आजारावरची गोळी) कुणीतरी विचारेलच. प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून. पण आपल्या डॉक्टरांना दाखवून घ्या. सल्फाची अॅलर्जी असेल तर विचारल्याशिवाय अजिबात नाही. बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला सारखं जावं लागतं, म्हणजे गोठवणाऱ्या थंडीत रात्री दोन-तीनदा गाडीतून उतरायची तयारी हवी. पहिल्या काही रात्री दारू आणि झोपेची गोळी नको.

डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण नको वाटतंय : तिथेच थांबा, वर जाऊ नका. बसल्या जागी धाप, ओला खोकला, असंबद्ध बोलणं, तोल जाणं : हे फुफ्फुसात पाणी किंवा मेंदूला सूज असू शकतं. उजाडायची वाट न बघता खाली. तोल तपासायला एक साधी युक्ती : टाचेला पंजा लावून सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगा. जमलं नाही तर चर्चा बंद, गाडी सुरू. त्यासाठी रोज रात्री ठरवून ठेवा, आज गाडी कोण चालवणार. तो माणूस तंबूत झोपला असला तरी किल्ली त्याच्या खिशात.

आणि तो दुकानात मिळणारा हलका ऑक्सिजनचा डबा विकत घेऊन निर्धास्त होऊ नका. आठ-दहा लिटरचा असतो. मिनिटाला दोन लिटरने पाच मिनिटांत खलास. लेहमध्ये मास्क-रेग्युलेटरसकट खरा सिलिंडर भाड्याने मिळतो, तो घ्या. तोही खाली उतरता उतरता वापरायला, वर बसून राहायला नव्हे.

तांबडी_माती | मंगळवार, दुपारी १:२०

काका, डॉक्टरताई, खूप आभार. नकाशा उलटा केला. नवऱ्याचं तोंड थोडं वाकडं झालंय, कारण त्यांना पहिला फोटो मोरे मैदानातला हवा होता. दीर तुमच्या बाजूने आहेत.

आता थंडीचं सांगा. रात्री पारा शून्याच्या खाली जातो म्हणतात.

हायवे_हिरो | मंगळवार, दुपारी २:०२

एवढं टेन्शन कशाला घेता? आम्ही त्सो कारला इंजिन चालू ठेवून हीटर लावला, काचा गच्च बंद, मस्त झोप लागली. सकाळी थोडं डोकं जड होतं, पण ते उंचीमुळे.

डॉ_उंबरठा | मंगळवार, दुपारी २:४८

हायवे_हिरो, उंचीमुळेच होतं हे कशावरून?

रागावू नका, पण या धाग्यावर एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. त्याची लक्षणं : डोकेदुखी, मळमळ, गुंगी, गोंधळलेपण. उंचीच्या आजाराची लक्षणं : डोकेदुखी, मळमळ, गुंगी, गोंधळलेपण. चार हजार मीटरवर सकाळी डोकं धरून उठलेला माणूस "हवा विरळ आहे" म्हणतो, पुन्हा काचा लावतो आणि पडून राहतो.

यात आणखी एक मेख आहे. सगळ्यांकडे आता बोटाला लावायचा ऑक्सिमीटर असतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला कार्बन मोनॉक्साइड चिकटला, तर हे यंत्र त्याला ऑक्सिजनच समजतं. त्या उंचीवर सरावलेल्या माणसाचाही आकडा ८० च्या घरात असणं नेहमीचं. तिथे अचानक ९५-९६ दिसायला लागलं आणि माणूस मात्र पेंगुळलाय, तर खूश होऊ नका. दारं उघडा, सगळ्यांना बाहेर काढा.

म्हणून नियम सरळ आहे : झोपताना इंजिन बंद, शेगडी बंद, कोळसा तर गाडीत आणायचाच नाही. तंबूतही नाही. आणि डोकं दुखलं की कारण शोधत बसू नका, आधी बाहेर मोकळ्या हवेत या, मग खाली उतरायचं बघा. दोन्ही दुखण्यांत हेच करायचं असतं.

डिझेलदादा | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

डॉक्टरताई बरोबर बोलल्या. गॅरेजवाल्याच्या बाजूने सांगतो. डिझेलच्या धुरात तो वायू पेट्रोलपेक्षा कमी असतो, पण शून्य नसतो. तिथल्या रस्त्यावर दगड खालून आपटतात, सायलेन्सरचा जोड सैल होतो, रबराची हँगर तुटतात. पुण्यात सीलबंद असलेली लाइन हानलेला पोचेपर्यंत तशीच असेल याची खात्री कुणी द्यायची? शिवाय गाडी उभी असताना वारा फिरला की मागचा धूर डिकीच्या रबरातून आत. तुम्ही तर डिकीकडे डोकं करून झोपणार.

थंडीला उपाय साधे. ओट्यावर आधी जाड फोमची मॅट, कारण थंडी खालून लागते. त्यावर शून्याखालच्या तापमानाची स्लीपिंग बॅग. लेहच्या बाजारात भाड्याने मिळते, पण चेन लावून बघून घ्या. स्टीलच्या बाटलीत नव्हे, रबराच्या पिशवीत गरम पाणी, पायाशी. समोरासमोरच्या दोन काचा बोटभर खाली ठेवायच्याच. नाहीतर दोघांच्या श्वासाची वाफ काचेला आतून धरते आणि सकाळी विंडशील्डवर आतल्या बाजूने बर्फ खरवडायला लागतं. वर ती वाफ स्लीपिंग बॅगेत मुरते ती वेगळी, आणि दुसऱ्या रात्री ती बॅग ऊब देत नाही.

हँडब्रेक ओढून झोपू नका. नाल्यातून गाडी आलेली असते, ड्रम ओला असतो, रात्री गोठतो आणि सकाळी चाक जाम. सपाट जागा बघा, गिअरमध्ये टाका, चाकाला दगड लावा. (निघताना ते दगड रस्त्यातून बाजूला टाका. मागून बाइकवाले येत असतात.)

टायरची एक गंमत. पुण्यात ३३ भरून निघालात तर ४,५०० मीटरवर पहाटे गेज ३३-३४ च दाखवेल, पण दुपारी उन्हात ३८-३९. बाहेरच्या हवेचा दाब कमी म्हणून गेज चढतो, थंडीने उतरतो, पहाटे दोन्ही फिट्टंफाट. दुपारी बघून घाबरून हवा सोडली की दुसऱ्या पहाटे टायर बसलेला. तेव्हा हवा पहाटेच बघायची. छोटा कंप्रेसर आणि ट्यूबलेसची सुई-वात जवळ हवी, आणि स्टेपनी लटकवून विसरलेली नको.

सिएरा_ते_सातपुडा | बुधवार, सकाळी ७:१५

मी नेवाडात रिनोला असतो, मूळचा जळगावचा. इकडच्या हाय डेझर्टमध्ये गाडीत झोपणं हा आमचा शनिवार-रविवारचा धंदा. सरकारी बीएलएम जमिनीवर बऱ्याच ठिकाणी एका जागी १४ दिवसांपर्यंत फुकट राहता येतं. रूट ५० ला १९८६ मध्ये एका मासिकाने अमेरिकेतला सगळ्यात एकाकी रस्ता म्हटलं, आता त्याच नावाने पर्यटन चालतं.

दोन सूचना. एक, कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवरचा अलार्म घ्या, झोपल्यावर डोक्याच्या पातळीला. दुसरं, "आत लावायला सुरक्षित" म्हणून मिळणाऱ्या गॅस हीटरच्या भरवशावर राहू नका. इथे मिळणाऱ्या एका प्रसिद्ध हीटरच्या पुस्तिकेतच लिहिलंय की ७,००० फुटांच्या वर तो आपोआप बंद पडू शकतो. ऑक्सिजन कमी झाला की बंद व्हावा असा त्यात सेन्सर असतो, आणि त्या उंचीवर त्याला हवाच पुरत नाही. तुम्ही तर १४-१५ हजारांवर जाताय.

तिसरी सूचनाही आहे : सॅटेलाइट मेसेंजर. इथे त्याच्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही. बटण दाबलं की मदत येते. माझ्याकडे जादा आहे, तिकडे येणारा भाऊ...

माजी_सुभेदार | बुधवार, सकाळी ७:३२

थांबा! ते यंत्र पाठवू नका.

आपल्याकडे परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन किंवा तसला मेसेंजर बाळगणं बेकायदा आहे. थुराया, इरिडियम दोन्ही. ट्रेकर्सचे बरेचसे मेसेंजर इरिडियमवर चालतात. गोव्याच्या आणि दिल्लीच्या विमानतळावर परदेशी पाहुणे सामानात ते घेऊन सापडले, पोलीस केस झाली. इथे तर तुम्ही चीनकडच्या ताबारेषेच्या बाजूला जाणार, चौकीगणिक तपासणी. "ट्रेकिंगसाठी आहे" हे तिथल्या शिपायाला पटवण्यात तुमची सुट्टी जाईल. ड्रोनही घरीच ठेवा.

मदतीचं गणित इथे वेगळं आहे. पोस्टपेड सिम घ्या, बाहेरचं प्रीपेड लडाखमध्ये चालत नाही. दोन वेगळ्या कंपन्यांची असली तर उत्तम. गावात रेंज मिळते, दोन गावांच्या मध्ये धरून चालू नका. त्यामुळे रोज सकाळी लेहच्या किंवा घरच्या एका माणसाला सांगायचं : आज इथून तिथे, या रस्त्याने, उद्या इतक्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर अमुक चौकीला कळवा. आणि ठरलेला रस्ता बदलायचा नाही. शोधणारे त्याच रस्त्यावर शोधतात.

अडचण आली तर गाडी सोडून चालत सुटू नका. गाडी लांबून दिसते, माणूस दिसत नाही. त्या पट्ट्यात लष्कराचे, आयटीबीपीचे, बीआरओचे (सीमेवरचे रस्ते बांधणारे) ट्रक फिरत असतात, थांबवा. जवान मदत करतात, हक्काने मागा. मोठं दुखणं असेल तर शेवटी लेहचं एसएनएम हॉस्पिटल.

सिएरा_ते_सातपुडा | बुधवार, सकाळी ७:५०

अरे बापरे, हे माहीतच नव्हतं. भावाला आत्ताच फोन करतो. इकडच्या आमच्या दऱ्या १,५००-१,८०० मीटरवर, डोकं दुखलं तर फक्त ऊन लागलेलं असतं. तिकडची गोष्ट वेगळीच आहे.

कंदील | बुधवार, रात्री ९:०९

जागेबद्दल कुणी बोललं नाही अजून. मी तारे बघायला हानलेला जातो, तेव्हा थोडं.

"मोकळी जागा" दिसते ती कुणाचीही नाही असं वाटतं, पण तसं नाही. चांगथांग हे शीत वाळवंट अभयारण्य आहे, आणि तो चांगपा पशुपालकांचा चराऊ मुलूख आहे. हिरवळ दिसते तिथेच झरा असतो आणि तिथेच त्यांची याक-मेंढरं येतात. तिथे चाक घातलंत की बराच काळ ती खूण जात नाही. त्सो मोरिरी २००२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ), त्सो कार २०२० पासून. काठाला तंबू किंवा गाडी लावू देत नाहीत, आणि बरोबरच आहे. काळ्या मानेचा क्रौंच तिथल्या पाणथळीत घरटं करतो. तो लडाखचा राज्यपक्षी.

काठ टाळायला अगदी स्वार्थी कारणही आहे. तळ्याकाठची पांढरी, कडक दिसणारी जमीन म्हणजे वरून पापडी आणि खाली चिखल. फोर बाय फोर नसलेली गाडी तिथे रुतली की दुसरी गाडी येईस्तोवर बसा. पांढरं आणि गडद ओलं दोन्ही टाळा, खडीची उंच जागा बघा. कोरड्या नाल्याच्या पात्रात तर कधीच नाही, कितीही सपाट असलं तरी. २०१० च्या ऑगस्टमध्ये लेहला ढगफुटी झाली तेव्हा एका रात्रीत दोनशेहून जास्त माणसं गेली. वाळवंट आहे म्हणून पाणी येत नाही असं नसतं.

सगळ्यात सोपं : गावात जा, जुले (लडाखी नमस्कार) म्हणा, एखाद्या होमस्टेच्या अंगणात गाडी लावू का विचारा. कोरझोकला, त्सो कारच्या थुक्जेला, हानलेला. जेवण त्यांच्याकडे घ्या, संडास त्यांचा वापरा, पैसे द्या, झोपा आपल्याच गाडीत. भिंतीचा आडोसा मिळतो, दुपारनंतरच्या वाऱ्यात त्याची किंमत कळते. भटकी कुत्रीही थोडी लांब राहतात. कचरा वाढला तशी त्या भागात त्यांच्या टोळ्या झाल्यात. रात्री तंबूबाहेर उष्टं ठेवू नका आणि टॉर्च हातात असल्याशिवाय उतरू नका.

हानलेचा परिसर डिसेंबर २०२२ पासून अधिकृत डार्क स्काय रिझर्व्ह आहे, १,०७३ चौरस किलोमीटर. वर टेकडीवर ४,५०० मीटरला दोन मीटरची चंद्रा दुर्बीण. रात्री अप्पर लावून गावात शिरलात तर लोक तोंडावर बोलतात. आधीच पोचा, दिवे बंद, तांबडी टॉर्च. गावातल्याच मुलामुलींना दुर्बिणी देऊन प्रशिक्षण दिलंय, त्यांच्याकडून आकाश बघा. शनीचं कडं बघून तुमचे दीर परत यायला तयार होणार नाहीत.

उमलिंग ला १९,०२४ फूट. दिवसा जा, फोटो काढा, पंधरा-वीस मिनिटांत खाली. तिथे चहा करत बसू नका.

तिकडे जायच्या परवान्याचे नियम मध्येच बदलतात. लेहमध्ये आदल्या दिवशी विचारून, शुल्क भरून, प्रती काढून घ्या.

पोळीभाजी | बुधवार, रात्री १०:४१

मी दोन मुलांना घेऊन गेलेली आई. स्वयंपाकाचं माझ्याकडून.

४,५०० मीटरवर पाणी साधारण ८५ अंशालाच उकळतं. खळाखळा उकळतंय म्हणून भात होईल असं वाटतं, पण तासाभरानेही दाणा टणक राहतो आणि गॅस मात्र संपतो. कुकर न्याच, तीन लिटरचा. शिट्टीमुळे आतला दाब वाढतो आणि खिचडी नेहमीसारखी होते, फक्त दोन शिट्ट्या जास्त. मूगडाळीची खिचडी, मेतकूट, भाजलेल्या रव्याचा तयार उपमा, गूळपोळी. राजमा-छोले घरी ठेवा. शेगडी नेहमी गाडीबाहेर, बॉनेटच्या आडोशाला.

पाणी माणशी चार लिटर रोज धरा, दोन दिवसांचं जादा. तळ्याचं पाणी खारट, त्सो कार तर मिठाचंच तळं. रात्री बाटली उलटी ठेवायची. बर्फ वरून धरतो, सकाळी सरळ केली की तोंडाकडचं पाणी मोकळं असतं. एक बाटली स्लीपिंग बॅगेत.

संडासचं सगळे टाळतात म्हणून मीच लिहिते. खड्डा करून बुजवलं की कुजून जाईल हे आपल्या कोकणात. तिथे ओल नाही, ऊब नाही, कागद वर्षानुवर्षं तसाच राहतो आणि वाऱ्याने उघडा पडतो. गावातला कोरडा संडास वापरा, नाहीतर पिशवीत बांधून परत आणा. ओले पुसण्याचे रुमालही परत.

डिझेलदादा | गुरुवार, सकाळी ९:१५

पोळीभाजीताई, शेगडीबद्दल भर. लांब डब्याची ब्यूटेनची शेगडी थंडीत मंद होते. पुस्तकात ब्यूटेन उणे ०.५ अंशाला उकळतो लिहिलंय. उंचीवर हवेचा दाब कमी म्हणून त्याच्या थोडं खालीही चालतो, पण पहाटे ज्योत मरगळतेच. डबा रात्री अंगाशी घेऊन झोपा. आगीवर किंवा हीटरवर डबा शेकवणारे महाभाग पाहिलेत मी, ते करू नका.

इंधन : लेह-हानले-उमलिंग ला-त्सो मोरिरी-त्सो कार-मनाली हा फेरा मनालीच्या अलीकडच्या टांडीपर्यंत साडेनऊशे-हजार किलोमीटर धरा. चढ, खराब रस्ता, लिटरला १२ मिळाले तरी ८० लिटर लागतं. टाकी ६० ची. म्हणजे लेहजवळच्या कारूला तोंडापर्यंत भरून वर २० लिटरचा लोखंडी कॅन, छतावर बांधून, झोपता त्या केबिनमध्ये नाही. टांडीला "पुढचा पंप ३६५ किलोमीटर" ही पाटी उगाच प्रसिद्ध नाही. मध्ये कुठे पंप मिळाला तर देवाची कृपा.

नाले सकाळी ओलांडा. दुपारी वरचा बर्फ वितळतो आणि सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी चारला बंपरला लागतं. पाणी फार दिसलं तर अलीकडेच मुक्काम करा, पहाटे उतरतं.

तांबडी_माती | शुक्रवार, रात्री ९:३०

सुधारित आखणी. श्रीनगर, कारगिल, लेह तीन रात्री. मग थेट हानले न करता मध्ये चुमाथांग-न्योमा पट्ट्यात एक रात्र, मग हानले दोन रात्री होमस्टेच्या अंगणात. उमलिंग ला जाऊन-येऊन. कोरझोक, थुक्जे. मोरे मैदान फक्त दिवसा, दुपारचं जेवण तिथे (नवऱ्याशी तह झाला). सरचूला न थांबता जिस्पा गाठायचा प्रयत्न, उशीर झाला तर पांगला थांबू. अलार्म मागवलाय. कुकरची नवी रिंग घेतली. रात्रीच्या चालकाची पाळी लावली आहे, दिरांनी एक्सेल केलंय.

माजी_सुभेदार | शुक्रवार, रात्री ९:४४

पांगपेक्षा थुक्जेहून पहाटे पाचला निघा, म्हणजे जिस्पा उजेडात होतं. बाकी ठीक.

खवट_म्हातारा | शुक्रवार, रात्री १०:०२

एक्सेल? मग काही प्रश्नच नाही.

निळी_बुलेट | रविवार, सकाळी ११:१८

धागा वर काढतोय. मी ऑक्टोबरअखेर जातोय, डिझेल गाडी, असाच ओटा. वरचंच सगळं लागू का?

डिझेलदादा | रविवार, दुपारी १२:०५

नाही. ऑक्टोबरअखेर हानलेला रात्री उणे १५ सहज. साधं डिझेल घट्ट होऊन फिल्टर तुंबतो. इंडियन ऑइलने २०१९ च्या नोव्हेंबरात लडाखसाठी हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ पर्यंत वाहतं. लेहच्या पंपावर विचारा ते आलंय का, आणि पुण्याचं डिझेल टाकीत शिल्लक राहणार नाही असं बघून भरा. गाडी बीएस-६ असेल आणि त्यात युरियाची वेगळी टाकी असेल, तर तो द्रव उणे ११ ला गोठतो, त्याबद्दल कंपनीचं पुस्तक वाचा. कूलंट निम्मं-निम्मं करून घ्या, बॅटरी चार वर्षांची असेल तर बदला.

माजी_सुभेदार | रविवार, दुपारी १२:४०

आणि बारालाचा कधी बंद होईल सांगता येत नाही त्या दिवसांत, परतीचा रस्ता श्रीनगरचाच धरा. तोही झोजीवर बर्फ पडला की अडतो. गाडीतला ओटा राहू दे सामानाला. झोपायला घर बघा, बुखारी (खोली तापवायची शेगडी) पेटवलेल्या खोलीतही खिडकीची फट उघडी ठेवून.